कुंभारणीची पिवळी माती

माणूस कामावरून सुटला की घरातल्या चार कामांना हात लावतो, देवळात जाऊन बसतो, नाहीतर निदान झोपून तरी राहतो. सारजाबाईंच्या नवऱ्यानं यातलं काहीच केलं नाही. एमआयडीसीत छत्तीस वर्षं टॉवेल विणून कुंडलिकराव घरी आले, परसात उकिडवे बसले, आणि तिथलेच झाले. जास्वंदीवर भुंगा उतरला की हे बघणार. मुंग्यांची रांग वळली की हेही गुडघ्यांवर वळणार. चैत्रात कुरडयांवर कबुतरं बसू नयेत म्हणून सारजाबाईंनी पासष्टाव्या वर्षी स्वतः घण उचलला, परसातल्या फरशीच्या सांध्यांत चार गज ठोकले, त्यांवर जुन्या साडीचा मांडव घातला. तेव्हाही हा माणूस कण्हेरीच्या पानाखाली काहीतरी शोधत होता.

वर हे सगळं ते नातीच्या जुन्या वहीत लिहीत. सारजाबाईंची शाळा दुसरीत सुटलेली, पण अक्षराला अक्षर लावून त्यांनी एकदा ती वही वाचली. ‘दहा वाजून वीस मिनिटे. पिवळ्या पट्ट्याची आली. फार देखणी.’ त्या दिवशी त्यांनी ऋतुजाला, म्हणजे सुनेला, बाजूला घेऊन विचारलं होतं की ही पट्ट्याची कोण.

किड्यांचं एक वेळ चाललं असतं. पण कुठं बोअर मारला, कुणी पाया खणला, की कुंडलिकराव पिशवी घेऊन हजर. आणलेली माती आणि दगड सारजाबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांत जात. खिडकीत अशा सहा बरण्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: काळी माती, चुनखडी, मुरूम, गारा, काळा पत्थर. आणि एकीत हळदीच्या रंगाची चिकट माती. ती त्यांच्याच घराचा हौद खणताना, माणूस बुडेल इतक्या खोलवरून निघालेली.

त्या हौदावरूनच घरात आग लागली होती. नळाला पाणी पाचव्या दिवशी येई. ते हौदात भरायचं, मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि पुरवायचं, हा हिशेब सारजाबाईंनी वर्षानुवर्षं चोख पाळला होता. पण अक्षय तृतीयेपासून हौद तिसऱ्याच दिवशी तळ दाखवू लागला. सारजाबाईंनी आधी सुनेच्या भांडी घासण्यावर संशय घेतला, मग नवऱ्याच्या फुलझाडांवर. झाडांना घोटभर पाणी घालायचीही बंदी झाली. मोगरा वाळला, तरी हौद रिकामाच.

आणि मग स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. जमिनीपासून खिडकीपर्यंत, बोट जाईल असा.

मायाप्पा मिस्त्रीनं तडा बघितला, हौदात बॅटरी मारली आणि सांगितलं की हौदाचा तळ फुटलाय, पाणी पायात शिरतंय आणि काळी माती फुगून भिंत उचलतीय. हौद फोडून नवा करायचा. त्याच्या कडेची बाग काढायची. भिंतीचं विचारल्यावर त्यानं नुसती मान हलवली. करकंबहून नेसत्या लुगड्यानिशी आलेल्या बाईनं चादरींना काठ शिवून शिवून उभं केलेलं घर होतं ते. रविवारी घण घेऊन येतो, असं सांगून मिस्त्री गेला.

याच दिवसांत खिडकीच्या चौकटीवर एका कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधायला घेतलं. सारजाबाई झाडू घेऊन धावल्या आणि थांबल्या. कुंभारणीचं घर मोडत नाहीत. ती आली की घरात पाळणा हलतो म्हणतात. सुनेचं ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली, तेव्हा पाळणा आपलाच असणार, असं फणकारून त्यांनी झाडू ठेवला. कुंडलिकरावांनी मात्र चौकटीखाली बैठक मारली. घर बुडतंय आणि हा माणूस माशी बघतोय, हे सारजाबाईंनी शेजारणींना दिवसातून तीनदा सांगितलं.

शनिवारी दुपारी कुंडलिकराव बरणी घेऊन त्यांच्यासमोर आले. माशीच्या घराची माती पिवळी होती, बरणीतल्यासारखी. परसात सगळी काळी माती. ही खालची पिवळी माती उघड्यावर कुठून आली, आणि या वैशाखात ओली कशी, असं ते म्हणाले. सारजाबाईंनी विचारलं, ही माती आता भिंतीला लिंपायची का. त्यावर ते पुन्हा उन्हात जाऊन बसले.

रविवारी मायाप्पानं घण उचलला, तेव्हा कुंडलिकराव हौदाच्या झाकणावरच उभे राहिले. नवऱ्याचा असा आवाज सारजाबाईंनी लग्नापासून ऐकला नव्हता.

“आदी ती एक फरशी उचल. न्हाय निगालं काय, तर हौद फोड, बाग काड, मी हूं का चूं करनार न्हाय.”

त्यांनी बोट दाखवलं तिथं दोन फरश्यांच्या सांध्यात अंगठ्याएवढं भोक होतं. कुंभारीण त्यात शिरली, आणि तोंडात पिवळी गोळी धरून वर आली. त्या फरश्यांखालून टाकीची पाइप न्हाणीकडे जात होती, आणि तो चर हौदाच्या मातीनंच बुजवलेला होता.

फरशी निघाली. खाली पिवळा चिखल. हातभर खाली पाइपला गोल टोचा बसून चीर पडलेली, आणि तिच्यातून पाणी गुपचूप भिंतीकडे चाललेलं.

मायाप्पानं घण खाली ठेवला. हौद धडधाकट होता, टाकीत चढवलेलं पाणीच इथून मुरत होतं. पाइपचा तेवढा तुकडा बदलला की झालं, माती सुकली की भिंतही जागेवर बसेल, मग तडा भरून टाकू, असं तो म्हणाला. सारजाबाई तिथंच पायरीवर बसल्या. महिनाभर छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून नेला होता.

“पर आक्का,” मायाप्पा चीर चाचपत म्हणाला, “हितं कुनीतरी पहार घातलीया की.”

सारजाबाईंना ते भोक आता ओळखू आलं. कुरडया वाळल्यावर उपटलेल्या मांडवाचा चौथा गज. अडला होता, म्हणून दोन घाव जास्तीचे घातलेला.

“घूस असंल,” कुंडलिकराव म्हणाले. “लई घुशी झाल्याती.”

माशीच्या अंगावरचे पट्टे मोजणाऱ्या माणसाला घुशीचं बीळ आणि गजाचं भोक यातला फरक कळत नव्हता, असं नव्हे. ते बायकोकडे न बघता वहीत लिहू लागले. ऋतुजानं चहा आणला. मिस्त्री पाइपचा तुकडा आणायला गेला. सारजाबाईंनी अर्धा कप चहा प्यायला, हौदातून तांब्या भरला, मोगऱ्याच्या बुडाशी ओतला, आणि मग नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“अवो, ती घूस खोडा. गज म्या ठोकला, माशीनं दावला, आन तुमी बगितला, आसं लिवा. बिनकामाचं मानूस न्हाईसा तुमी. पर उद्यापासनं पाट घिऊन बसा, लेंगा लई मळतुया.”