मायनसखालचा तुकडा

तो डबा तुम्ही मारलात, साहेब. मारून वर लाल पेनानं लिहिलंत, ‘निकामी. घरगुती बनावट.’ आणि ज्यानं तो बनवला, त्याला नेमकं तेव्हाच चहा आणायला पिटाळलंत.

प्रयोगशाळेचा शिपाई प्रेमानंद किटली घेऊन परतला तेव्हा सेनगावच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जळका वास होता. तपासणीला आलेले साहेब रुमालानं हात पुसत होते. त्यांचा मेकॅनिक झाकणाचे स्क्रू आवळत होता.

“काय झालं, साहेब?”

“आत कचरा भरून ठेवलाय. साफ करून बटण दाबलं, तर फ्यूज उडाला. कुणी बनवलं हे?”

“मीच.”

साहेबांनी त्याच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं, कप उचलला, एक घोट घेतला. “साखर जास्त आहे.”

एवढंच. जीप गेली.

परवा बारावीची प्रॅक्टिकल होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या एकोणीस लेकरांचे निम्मे प्रयोग या एकट्या डब्यावर चालत. त्या प्रयोगांना एकाच वेळी बारा व्होल्ट प्लस आणि बारा व्होल्ट मायनस वीज लागे, ती हा डबा पुरवी. मंजूर झालेला कंपनीचा डबा दहा वर्षांहून जास्त नुसता ‘येतोय’च होता. त्याची वाट पाहून प्रेमानंदनं शहाण्णव साली हा बनवला होता, डालड्याच्या चौकोनी डब्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रॉनिक्सचे अमृतराव सर आले तेव्हा प्रेमानंद डबा उघडून बसला होता.

“होईल का रे? न्हाई झालं तर तुकडी बंद करतेत ते.”

“अकराला लाइट जाती, सर. तवर बोलू नका फक्त.”

“बरं बाबा, तूच हेडमास्तर.”

त्यानं नवा फ्यूज घातला नाही. आधी डब्याच्या वायरीत शंभरचा बल्ब जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब ढणढणीत पेटतो, नसेल तर मिणमिणतो. बल्ब ढणढणीत पेटला.

प्लसची बाजू सोडवली. बल्ब तसाच. ती परत जोडून मायनसची सोडवली. बल्ब मिणमिणला.

“मायनस म्हनतंय, दुखून राहिलं.”

हात ट्रान्सफॉर्मरवर थांबला. डबा बनवताना तो आखाडा बाळापूरच्या बाजारात उकंडरावांनी भरून दिला होता. मोटारींची कॉइलं भरणारा माणूस. भरता भरता कुरकुरत होता.

“मधून तिसरं टोक काहून काढू रे? भोवरा फिरवायचा हाय का?”

“मामा, ते शून्य हाय. इकून प्लस, तिकून मायनस.”

“म्हंजे अर्धं कॉइल वाया!”

शेजारी मेथी मांडून बसलेली प्रेमानंदची माय, पंचफुलाबाई, खळखळून हसली. “वाया काहून? माह्या तागडीला दोन पारडी हायेत. भाजीचं खरं अन् वजनाचं खोटं, असं म्हन्ता का? काटा मधी आला पायजे, बस.”

दहावीनंतर शाळा सुटलेल्या प्रेमानंदला पुस्तकांतलं जे कळत नव्हतं, ते त्या तागडीत कळलं.

माय आता नव्हती. तो पुन्हा वाकला. आत तीन पायांचे दोन काळे आयसी, जुळी भावंडं दिसावीत तसे. दोघांचा ताप निवायला दोघं फुटक्या कढईच्या बुडातून कापलेल्या एकाच पट्टीवर बसवलेले. पण सोंग सारखं, स्वभाव उलटा. प्लसवाल्याच्या पाठीला शून्य असतं, तो पट्टीला टेकला तरी चालतं. मायनसवाल्याच्या पाठीत मायनसच असतं, ती टेकली की थेट शॉर्ट. म्हणून त्यानं त्याच्याखाली जुन्या इस्तरीतला अभ्रकाचा तुकडा ठेवला होता, नखाएवढा, स्क्रूसाठी छिद्र पाडलेला.

तुकडा जागेवर नव्हता.

तो टेबलाखाली सापडला, केराजवळ, बुटाखाली चिरडलेला.

“ह्योच का कचरा?” सरांनी विचारलं.

“ह्योच, सर. दोन्हीला एकसारखं समजले ते.”

इस्तरीतलं उरलेलं अभ्रक त्यानं जपून ठेवलं होतं. नवा तुकडा कापून बसवला. बल्ब मिणमिणला. मग फ्यूज घातला, मीटर लावलं. प्लस बारा. मीटरच्या काड्या उलट्या धरल्या. मायनस बारा.

“काटा मधी आला,” प्रेमानंद पुटपुटला. सरांना वाटलं, मीटरबद्दल बोलतोय.

अकराला दहा मिनिटं कमी होती.

प्रॅक्टिकल झालं. एकोणीसही पास झाले. तरी जूनमध्ये कागद आला: ‘उपकरणे निकामी असल्याने तुकडी बंद करण्यात येत आहे.’ चालता डबा अडगळीत गेला आणि प्रेमानंद फाटकावर, घंटेपाशी.

माहितीचा अधिकार तेव्हा नवा होता. त्यानं अर्ज लिहायला घेतला तसे अमृतराव सर घाबरले. “साहेबासंगं भांडू नको रे. नोकरी हाय.”

“भांडत न्हाई, सर. विचारून राहिलो.”

अर्जात एकच प्रश्न होता. चिरडलेला तुकडा त्यानं कागदाला टाचणीनं जोडला, अगदी त्याच्याच जुन्या छिद्रातून. नक्कल स्वतःकडे ठेवली. घंटा देऊन झाली की तो अजून ती उघडतो, घडीवर घडी पडून मधोमध विरलेली.

उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, साहेब. वर्षं झाली. सोबत जोडलेला तुकडा कशाखाली बसतो?

लेखी सांगा.