अर्धा धवला

गयाबाई धवलारीण होती. बदलापूरच्या आसपासच्या आगरी वाड्यांत भट नसला तरी चाले, पण गयाबाईने धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हटल्याशिवाय लग्न लागत नसे. म्हणून सत्त्याऐंशी साली दिनानाथ नावाचा दिग्दर्शक सिनेमातल्या लग्नासाठी तिच्या दारी आला, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. यायला उशीर केला, एवढंच वाटलं.

मांडव खराखुरा घातला होता. नवरी झालेल्या कुंदाची उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून आणलेली साडी जरा जास्तच चमकत होती; पण पोरगी गोड होती, म्हणून गयाबाईने चालवून घेतलं. तिने गायला सुरुवात केली. देवांना बोलावणं झालं, वाडीतल्या बाया मागून सूर धरू लागल्या, आणि ऐन रंगात सासरा झालेला रामभाऊ गरजला, "थांबवा हे लग्न! ही मुलगी आमच्या घरात येणार नाही!"

गोष्टीत तसंच होतं. लग्न मोडायचं आणि दुसऱ्या दिवशी कुंदाने नदीत उडी घ्यायची. फक्त गयाबाईला हे कोणी सांगितलं नव्हतं. गाणारीला गोष्ट कशाला सांगायची, असा शहाण्यांचा विचार!

अर्धा धवला टाकून उठणारीला पुन्हा कुठला मांडव बोलावत नाही. तीस वर्षांचं नाव या रामभाऊच्या चिकटवलेल्या मिशीपायी घालवायचं? गयाबाईला संताप आला. तिने आवाज चढवला. रामभाऊ आणखी ओरडला, तिने आणखी चढवला. दिनानाथ "कट, कट!" करत धावला, तर बायांनी त्याच्यावरच अक्षता टाकल्या. शेवटचं कडवं संपलं तेव्हाच ती थांबली. कॅमेरावाला मात्र कॅमेरा बंद करायचं विसरला होता.

"बाई, माझ्या गोष्टीचे बारा वाजवलेत! हे लग्न मोडायचं होतं," दिनानाथ ओरडला.

"देव येऊन बसल्यावर? मग मना कशाला बोलावलंस? अर्ध्यात उठनारी हुडक जा. मिलाली तर सांग."

दिनानाथने कुंदाकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, पण ती सासऱ्यासमोर ताठ उभी होती. तालमीत ती अशी एकदाही उभी राहिली नव्हती. त्याने गोष्टीच्या वहीची शेवटची पानं फाडली, नदीसकट. मग तिथेच बसून पेन उघडलं आणि जरा नमूनच विचारलं, "मग आता पुढं सासरा काय म्हणेल?"

"सासऱ्याचं बोलून झालं," गयाबाई पदर खोचत म्हणाली. "आता तिला बोलू दे."