कमी सोडियमचं मीठ

मेघालीनं फळ्यावर मज्जापेशी काढली. आत पोटॅशियम दाट, बाहेर विरळ. म्हणूनच विसावलेल्या पेशीचा आतला भाग उणे सत्तर मिलिव्होल्टवर असतो.

"मॅडम, बाहेरचं पोटॅशियम वाढलं तर?" पहिल्या बाकावरून रियानं विचारलं.

"तर आतलं बाहेर कमी झिरपतं. उणे सत्तरचं उणे साठ होतं. पेशीला धड विसावा मिळत नाही, पुढे संदेशही पाठवता येत नाही. आधी पाय जड होतात. मग..."

ती बोलायची थांबली. सकाळीच शेलार गावातल्या घरी सासरे, हिरामण, पायरीवर बसकण मारून म्हणाले होते, "सूनबाय, पायांत जीवच न्हाय गो." वयामुळे असेल, म्हणून ती क्लासला निघून आली होती.

रक्तदाबासाठी कमी सोडियमचं मीठ महिन्यापूर्वी तिनंच आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, हे तिला ठाऊक होतं. सासऱ्यांच्या किडन्या थकल्यात, जास्तीचं पोटॅशियम त्यांना बाहेर टाकता येत नाही, हेही ठाऊक होतं. फक्त या दोन गोष्टी तिनं कधी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

वर्गाबाहेर येऊन तिनं सासूला फोन लावला. "आई, बाबांना ते मीठ किती घालता?"

"दुप्पट," पुतळाबाई म्हणाल्या. "बेचव हाय गो तुझं मीठ. आनि औषधाचं हाय म्हनून ताकात पन घालते. का गो?"

"बाबा काय करतायत?"

"निजलेत. हाक मारली तर नुसतं हूं म्हनतात."

"रिक्षा बोलवा, आत्ताच्या आत्ता. मी दवाखान्यात पोचते."

हिरामणना दोघांनी उचलूनच आत आणलं. ईसीजीच्या कागदावर टोकदार सुळके उमटत होते. हृदयाच्या पेशींनाही तोच विसावा लागतो. डॉक्टरांनी आधी हृदय सावरायला कॅल्शियम टोचलं; मग पोटॅशियम पेशींत परत ढकलायला इन्शुलिन आणि ग्लुकोज.

"तुझ्या मिठानंच का गो?" पुतळाबाईंनी हळूच विचारलं.

"हो, आई."

मेघाली खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"बाबा, अंगठा हलवा."

काहीच नाही. मॉनिटरच्या पडद्यावरचे सुळके तसेच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिनं पुन्हा तेच म्हटलं.

अंगठा हलला, की तिला नुसता भास झाला? ती वाकली. "परत एकदा, बाबा."

"किती येला हलवू?" हिरामण पुटपुटले, आणि अंगठा परत हलला.