एका हाताचं पिस्तूल

वेंडेलने पिस्तूल धरलेला उजवा हात सरळ केला आणि बंदुकांच्या दुकानाच्या भिंतीवरच्या, पेंढा भरलेल्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरला. हात जरासुद्धा हलला नाही. डावा कोटाच्या खिशात होता. तो त्याने तिथे ठेवला नव्हता. सकाळी अर्लीनने, त्याच्या बायकोने, ठेवला होता.

खाणीत छताचा दगड खांद्यावर आला त्याला दीड वर्ष झालं. कंपनीने फुलं पाठवली, फुलांसोबत सही करायला कागद. हात राहिला, म्हणजे लोंबता राहिला. वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरांत असली माणसं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचं कुणाला काही पडलेलं नाही. रायफल दोन हातांची, ती कपाटात गेली. शिकारीच्या गेल्या हंगामात दोस्तांनी त्याला प्रेमाने रानात नेलं आणि प्रेमानेच दिवसभर गाडीत बसवून ठेवलं, मांडीवर घोंगडी टाकून. तेव्हापासून तो टीव्हीसमोर बसून होता. टीव्ही चालू असायचाच असं नाही.

आणि मागच्या आठवड्यात जेवताना तो आपणहून बोलला. ठासणीच्या हत्यारांचा हंगाम डिसेंबरात असतो, तेव्हा रान रिकामं असतं, बघायला कुणी नसतं. आणि पिस्तूल एका हाताने चालतं. दीड वर्षात त्याने तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट. अर्लीन ताटावरून उठून गाडीत जाऊन बसली असती, पण बंदुकांचं दुकान तोवर बंद झालं होतं.

"मेपलची मूठ, आठ पैलूंची नळी," रॉस्को म्हणाला. हा दुकानदार, खाणीतला जुना सोबती. "तीस पावलांवर हरिण जागेवर बसेल."

"बसेल की तुझ्या बायकोसारखं उठून निघून जाईल?"

रॉस्को खो खो हसला. वेंडेल मुठीच्या लाकडावरून अंगठा फिरवत होता. हा चेहरा अर्लीनने फार दिवसांनी पाहिला.

"घेतो हेच."

रॉस्कोने मान खाजवली आणि नजर दुसरीकडे वळवली. अर्लीनला ते दिसलं.

"आणि हे भरायचं कसं?" तिने विचारलं.

नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी वर ठेवायची, गजाने तळापर्यंत ठासायची. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने ठासायचं. वेंडेलचा सगळा जन्म त्यात गेला होता. दोन हात सदैव हजर होते, म्हणून भरायला ते लागतात हेच तो विसरला होता.

"मी येतो की बरोबर," रॉस्को म्हणाला. "भरून देत जाईन."

"आणि घोंगडी? ती पण आणशील?"

वेंडेलने पिस्तूल खाली ठेवलं आणि दाराकडे वळला.

"रॉस्को," अर्लीन म्हणाली, "मला दाखव."

"तुम्हाला, वहिनी?"

"मग काय त्या मुंडक्याला दाखवतोस?"

वेंडेल थांबला. "पहाटेपासून गारठ्यात बसावं लागतं. तेही न बोलता. तुला जमायचं नाही."

"पस्तीस वर्षं तुझी हरणं सोलली, कापली, बरण्यांत भरली. एखादं जिवंत तरी बघू दे की मला!"

रॉस्कोने तिला मागच्या अंगणात नेलं. वेंडेल हळूहळू मागून आला. दारू मोजून ओतणं, चिंधी, गोळी, गज, सगळं तिला एका दमात जमलं. पीठ मळणारे हात होते ते. अडलं ते टोपीपाशी. बार पेटवणारी तांब्याची टोपी मसुरीएवढी, आणि अर्लीनची बोटं सांध्यांत सुजलेली. टोपी गवतात पडली. दुसरी पडली. तिसरीही. रॉस्को वाकून शोधत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"हे लाकडाचं जड आहे," वेंडेल म्हणाला. "ते काळं आण."

"ते प्लॅस्टिकचं? अरे, त्याला तर तू ड्रिल मशीन म्हण—"

"आण म्हटलं ना."

त्या काळ्याची टोपी वाटाण्याएवढी होती. बोटांत धरता यायची, भोकात सहज बसायची. खाणीत लाकडाचे ओंडके खांद्यावर वाहणाऱ्या माणसाला मेपलची मूठ जड होते, हे अर्लीनला सांगायला कुणी नको होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. न बोलण्याची सुरुवात तिने तिथेच केली.

समोर मातीच्या बांधावर कागदी ताटली टाचलेली होती. तिने बार ठासला, टोपी बसवली आणि पिस्तूल त्याला दिलं. वेंडेलने मनगट कुंपणाच्या खांबावर टेकवलं, श्वास सोडला, चाप ओढला. पांढऱ्या धुराचा लोट उठला. धूर विरला तेव्हा ताटलीच्या कडेला भोक दिसलं.

"लागली की रे!" रॉस्को ओरडला.

नजर ताटलीवर तशीच ठेवून, वळूनही न पाहता, वेंडेलने रिकामं पिस्तूल डावीकडे केलं. माणूस एका हातातली वस्तू आपल्याच दुसऱ्या हातात देतो, तसं.

अर्लीनने ते घेतलं आणि दारूची डबी उघडली.