दोनशेव्या अंकातले आभार

“मी तिसरा?” झेरॉक्सवाल्याने कागद दुकानातल्या ट्यूबलाइटखाली धरला, चष्मा कपाळावर चढवला, परत नाकावर आणला आणि पुन्हा विचारलं, “काटेसाहेब, मी तिसरा?”

“अहो, त्यात पहिला-दुसरा असं काही नाही. सुचलं तसं लिहिलंय.”

“सुचलं तसं! म्हणजे तो कंपाउंडर तुम्हाला माझ्या आधी सुचला. अकरा वर्षं मशीन कुणाचं झिजतंय? त्याचं?”

काटेसाहेबांनी डोक्याला हात लावला. ते साहेब-बिहेब कुणी नव्हते. मालधक्क्याजवळच्या वजनकाट्यावर कारकून होते. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं, रिकामा चढला की वजन लिहायचं, पावती फाडायची आणि पुढच्या ट्रकला हात करायचा. सगळा जन्म या चढउतारात गेला. पण गावचा हॉकी संघ मैदानात उतरला की हा माणूस वेगळाच व्हायचा. अकरा वर्षं ते संघाबद्दल चार पानी पत्रक काढत होते. दर सामन्यानंतर एक. वाचणारे साठ-पासष्ट. त्यातले निम्मे मैदानातच भेटणारे, म्हणजे सामना त्यांनीही पाहिलेलाच. तरी वाचायचे. काटेसाहेबांनी काय लिहिलंय ते बघायचं असायचं त्यांना.

पत्रकाचे नियम दोन. खेळाडूंचा उल्लेख जर्सीच्या नंबराने आणि बाकीच्यांचा त्यांच्या कामाने, म्हणजे कुणी डोक्यावर बसायला नको. आणि दुसरा नियम असा, की स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. हा दुसरा नियम म्हणजे काटेसाहेबांचा जीव की प्राण. सर्दी असो, ताप असो, गळ्याला मफलर गुंडाळून ते कठड्याला चिकटून उभे. अकरा वर्षांत संघाचा एक गोल त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. दुसऱ्या कशाचा अभिमान बाळगावा असं आयुष्यात फारसं नव्हतंच, त्यामुळे याचा जरा जास्तच होता.

आता दोनशेवा अंक आला होता, आणि त्यात मदत करणाऱ्यांचे आभार मानावेत अशी दुर्बुद्धी त्यांना झाली. एवढंच करून थांबायचं की नाही? पण नाही. छापण्याआधी प्रत्येकाला दाखवून घेऊ म्हणाले. घ्या आता दाखवून!

कंपाउंडर दवाखान्यात पुड्या बांधता बांधता दर अंकाच्या चुका काढायचा. त्याने यादीतही काढल्या. “‘चुका काढणारे’ म्हणजे कसं वाटतं हो? मी काय सासू आहे? आणि मी दुसरा कसा? पहिला कोण? तुमचा मेहुणा? त्याच्या फोटोत आजवर एकदा तरी चेंडू आलाय?”

मेहुण्याचं म्हणणं वेगळं. “भावजी, मला पहिला ठेवलात ते ठीक. पण ‘फोटो काढणारे’ एवढंच? नुसतं? लोकांना वाटेल लग्नातले काढतो.”

घरी बायको दर अंकाला साठ पत्रकांच्या घड्या घालायची आणि तेवढ्या वेळात साठ शिव्या हॉकीला घालायची. तिने तर कागद बघितलाच नाही. “मला त्यात घालाल तर याद राखा. आभार! माणसाने आपल्या घरच्यांचे आभार मानलेले ऐकलेत का कधी? त्यापेक्षा या दहा घड्या घाला, बोटं दुखतायत माझी.”

राहिल्या टेलिफोनवाल्या बाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, मैदानासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या. खरं म्हणजे पत्रक सुरू झालं ते त्यांच्यामुळे. अकरा वर्षांपूर्वी एक सामना हुकला म्हणून त्यांनी काटेसाहेबांना मैदानाच्या फाटकाशी अडवलं होतं. काटेसाहेबांनी तो सामना त्यांना तासभर उभ्याने सांगितला. शेवटी बाई म्हणाल्या, “माझे पाय दुखतायत. पुढच्या वेळी लिहून आणा.” त्यांनी आणलं. चार वर्षांपूर्वी बाईंची नजर गेली. उजेड-अंधार कळतो, माणसं कळत नाहीत. तरी कठड्यामागच्या बाकावर येऊन बसायच्या, कान देऊन. आणि मंगळवारी संध्याकाळी काटेसाहेब त्यांच्या घरी जाऊन अंक वाचून दाखवायचे. तोवर बाईंच्या लेखी सामना झालेलाच नसायचा.

“मला नका घालू यादीत,” बाई म्हणाल्या. “मी काय केलं? मी नुसती ऐकते. आणि रविवारी जिंकलो नाही तर आपण खालच्या गटात जाणार, त्याचं बघा. तुम्ही यादी काय घेऊन बसलात!”

एवढ्या सगळ्यांत शहाणं बोलल्या त्या या बाई एकट्याच. पण ऐकतो कोण?

रविवारी मैदान गच्च भरलं होतं. तीन क्वार्टर कोरडे गेले. शून्य-शून्य. बरोबरी झाली असती तरी संघ खाली जाणार होता. काटेसाहेब नेहमीच्या जागी, कठड्याला पोट लावून, वहीत मिनिटं मांडत होते. आणि मागे बाकावर, कप्पाळ! झेरॉक्सवाला आणि कंपाउंडर यांच्यात यादीवरून जुंपली.

“मशीन नसतं तर तुमच्या चुका छापल्या कुणी असत्या?”

“अहो, चुका छापायला मशीन नाही लागत, तुमच्यासारखा माणूस लागतो!”

“हळू बोला हो,” बाई मधूनच म्हणाल्या. “मला चेंडू ऐकू येत नाहीये.”

“भावजी,” मेहुण्याने काटेसाहेबांच्या खांद्यावर टपटप केलं, “यांना एकदा सांगून टाका, म्हणजे विषय संपला. माझा पहिला नंबर फायनल आहे ना?”

सत्तावन्न मिनिटं झाली होती. तीन उरली होती. काटेसाहेबांच्या डोक्यात तिडीक गेली. ते गर्रकन वळले, मैदानाकडे पाठ केली आणि ओरडले, “पहिला कुणीच नाही! कुणाचेच आभार मानत नाही मी! आणा तो कागद, फाडून टाकतो!”

कागद हातात घेतला आणि मागे गोल झाला.

सगळं मैदान उठलं. काटेसाहेब पुन्हा वळले तेव्हा नऊ नंबर गुडघ्यावर बसला होता, बाकीचे त्याच्या अंगावर पडत होते, गोलकीपर जाळीतून चेंडू काढत होता. झालं होतं ते होऊन गेलं होतं. मेहुणा नाचत होता. कंपाउंडरने झेरॉक्सवाल्याला मिठी मारली होती, दोन मिनिटांपूर्वी गळा धरायला निघाला होता तो. संघ वाचला. लोक आनंदाने रडत होते आणि काटेसाहेबही रडत होते. त्यांचं रडणं कुठलं होतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत तिघंही काट्यावरच्या केबिनमध्ये हजर. चेहरे पडलेले. कालची गोष्ट त्यांना उशिरा कळली, पण कळली.

“त्यात काय एवढं,” झेरॉक्सवाला म्हणाला. “मी बघितलाय ना गोल. मी सांगतो, तुम्ही लिहा.”

“मी दुसऱ्याचं ऐकून लिहीत नाही.”

“मग गोल नसलेला अंक काढणार? एक-शून्यने जिंकलो आणि तो एक कुठून आला, देव जाणे?”

“फोटो आहे माझ्याकडे!” मेहुण्याने मोबाइल पुढे केला. “बरोबर त्याच क्षणाचा.”

फोटोत काटेसाहेबांचं टक्कल होतं. टक्कल, मफलर आणि कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर.

“बघा,” कंपाउंडर म्हणाला, “साधं आहे. सहा नंबरने डाव्या बाजूला चेंडू अडवला...”

“उजव्या!” झेरॉक्सवाला.

“डाव्या हो! तुम्ही उजवीकडे बसला होतात म्हणून तुम्हाला उजवं वाटतंय.”

“माणूस कुठेही बसला तरी उजवं ते उजवंच असतं!”

काटेसाहेबांना एकदम असह्य झालं. “बाहेर चला,” ते म्हणाले. “तोंडाने सांगू नका. करून दाखवा. सहा नंबर कुठे होता, तिथे उभे राहा.”

आणि मग त्या मालधक्क्याच्या अंगणात, भर दुपारी, तीन प्रौढ माणसांनी हॉकी खेळून दाखवली. काठ्या म्हणून एक छत्री, एक झाडू आणि केबिनच्या दाराची अडणी. चेंडू म्हणून चिंध्यांचा गोळा. काटा म्हणजे गोलसमोरचं सर्कल. बायको विसरलेला डबा द्यायला आली, तर तिला धरून गोलमध्ये उभी केली.

“मला कामं आहेत!” ती ओरडली.

“ताई, दोन मिनिटं! तू फक्त डावीकडे पड.”

“पडते! डबा कुणाच्या डोक्यात पडेल ते सांगत नाही.”

कंपाउंडर सहा नंबर झाला. छत्रीने गोळा अडवला आणि थांबला. स्वतःशीच पुटपुटला, “अरे... तोंड इकडे होतं त्याचं. म्हणजे उजवीच.” झेरॉक्सवाला जिंकला होता, पण बोलला नाही, कारण तोवर तो चौदा नंबर होऊन झाडू घेऊन कडेकडेने पळत सुटला होता, धापा टाकत, पोट सावरत. त्याने गोळा मध्ये टोलवला. मेहुणा काट्यावर आडवा झाला, अडणी उलटी करून गोळ्याला नुसती लावली. गोळा बायकोच्या पायांतून मागे गेला. ती खरंच डावीकडे पडली होती, पाय मुरगळता मुरगळता वाचला. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, एक जण वरून टाळ्या पिटत होता.

“अस्सा,” मेहुणा पडल्या पडल्या म्हणाला. “डिट्टो अस्सा, भावजी.”

काटेसाहेबांनी त्यांना ते चार वेळा करायला लावलं. काट्याचा आकडा प्रत्येक वेळी मेहुण्याचं वजन दाखवत राहिला. चौथ्या वेळेनंतर कुणात उभं राहायची ताकद नव्हती, आणि यादीतल्या नंबराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मंगळवारी संध्याकाळी बाईंच्या खोलीत काटेसाहेबांनी अंक उघडला. नेहमीची खुर्ची, नेहमीची खिडकी. पहिले तीन क्वार्टर त्यांनी भराभर वाचले. मग थांबले.

“वाचा ना,” बाई म्हणाल्या. “सत्तावन्नावं मिनिट आलंय.”

“‘सामन्यातला एकमेव गोल या लेखकाने पाहिला नाही,’” काटेसाहेब वाचू लागले. “‘तो मला सोमवारी एका छत्रीने, एका झाडूने आणि दाराच्या अडणीने दाखवला. गोलमध्ये उभी राहून जी पडली, ती घरीही मला वर्षानुवर्षं सांभाळते. तिने बजावलं आहे म्हणून तिचे आभार मानत नाही.’”

बाई खळखळून हसल्या. काटेसाहेबांनी गोल वाचला. सहा, चौदा, नऊ. बाई मान हलवत होत्या.

“‘पण दोनशे अंकांचा नियम आहे की जे पाहिलं तेच लिहायचं. तर गोल झाला तेव्हा मैदानाकडे माझी पाठ होती आणि समोर चार माणसं होती. ती मात्र मी पाहिली. झेरॉक्सवाल्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातला शब्द आतच राहिला. कंपाउंडरचा चष्मा नाकावरून घसरला, तो त्याने उचलला नाही. हातातला मोबाइल कुठे वळलाय याचं मेहुण्याला भानच नव्हतं, आणि त्या वेळी तो सहा वर्षांचा दिसला. अकरा वर्षं ही माणसं माझ्या मागे उभी आहेत आणि मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. आभार मानायचे ते याचे. क्रम लावता येत नाही, कारण सगळं एकदम झालं.’”

ते थांबले. पुढच्या ओळींची त्यांना भीती वाटत होती. बाईंनी नको म्हटलं होतं, तरी लिहिलं होतं.

“‘एकदम म्हणालो ते खरं नाही. या सगळ्यांच्या क्षणभर आधी टेलिफोनवाल्या बाई हसल्या. चेंडू गोलमधल्या फळीवर आपटल्याचा आवाज त्या गलक्यात त्यांनी तेवढा ऐकला. मला वाटतं, गोल झाल्याचं संपूर्ण मैदानात सगळ्यांत आधी त्यांना कळलं आणि त्यांच्यानंतर मला, त्यांच्या चेहऱ्यावरून. भुवया वर गेल्या, गालाला खळी पडली. एरवी इतक्या कडक दिसणाऱ्या बाई त्या वेळी फार सुंदर दिसत होत्या.’”

काटेसाहेबांनी अंकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“मी नको म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या.

“यादीत नाही घातलं. यादीच काढून टाकली.”

बाईंनी हात उचलून गाल चाचपला. एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा.

“चार वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “मी कशी दिसते हे मला कुणी सांगितलंच नाही. विचारायचं तरी कुणाला?”

काटेसाहेबांनी घडी घातलेला अंक पुन्हा उलगडला.

“परत वाचा,” बाई म्हणाल्या.

“कुठून? गोलापासून?”

“गोल कळला मला. माझ्यापासून वाचा.”

काटेसाहेबांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि वाचायला सुरुवात केली.