कुसुमबाईंची नायट्रो गाडी

माधवी नोकरीसाठी चेन्नईला गेली आणि तिची रिमोटची गाडी वालूरला आईवडिलांकडेच राहिली. गाडी हातभर लांबीची. पण ती बॅटरीवर पळणारी नव्हती. तिच्यात खरंखुरं चिमुकलं इंजिन होतं आणि ते नायट्रोच्या इंधनावर चालायचं. वडील, सिद्धोधन, म्हणाले, "इकून टाकू. इथं कोण खेळणार हाय?"

आई कुसुमबाई नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. सारा जन्म पोरांच्या गलक्यात गेलेला, त्यामुळं दुपारचं घर त्यांना खायला उठायचं. हिवाळ्यातल्या एका दुपारी त्यांनी गाडी अंगणात आणली आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढली. दोरी जागची हलेना. त्यांनी लेकीला फोन लावला.

"जाम झालंय ते," माधवी म्हणाली. "इंधनात तेल असतंय, ते आत गोंदासारखं चिकटलंय. जोर लावू नको, दोरी तुटंल. टाकी रिकामी हाय ना? मग वरचा प्लग काढ आन् केस वाळवायच्या मशीननं इंजिन गरम कर."

कुसुमबाईंनी तसंच केलं. प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब सोडले, इंजिनाला जोडलेलं चाक बोटानं थोडं पुढं, थोडं मागं करत राहिल्या. कधीतरी ते सुटलं आणि गरकन फिरलं. त्यांना एवढा आनंद झाला की त्या उत्साहात हवेच्या गाळणीचा मळकट स्पंजही त्यांनी धुऊन वाळत घातला.

रविवारी सकाळी त्या गाडी घेऊन शाळेमागच्या मैदानावर गेल्या. सिद्धोधन "नुसतं बघायला" म्हणून मागं मागं आले. स्पंजला तेल लावून तो बसवला, टाकी भरली, बॅटरीच्या कांडीनं प्लग तापवला, दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं आणि सुरू झालं! पण धूर म्हणजे केवढा! गाडी चार हात जायची, आचका द्यायची, पुन्हा रांगायची.

"इंधन जास्त व्हायलंय," कुसुमबाई म्हणाल्या आणि त्यांनी इंधन कमीजास्त करणारी, स्क्रूसारखी फिरणारी सुई चांगली आवळून टाकली.

मग गाडी जी सुटली! धूर गायब, आवाज कानठळ्या बसवणारा. सिद्धोधन टाळ्या वाजवायला लागले. आणि मैदानाच्या मधोमध ती गपकन बंद पडली. कुसुमबाईंनी जवळ हात नेला तर इंजिनाची धग लागली. पोरीची गाडी आपण जाळली की काय?

"धूर दिसत होता का?" माधवीनं फोनवर विचारलं.

"न्हाई. एकदम साफ."

"आई, साफ नको. धुरासंगं तेल बाहेर पडतंय, म्हंजे आत वंगण पोचतंय. तू तिला उपाशी पळवलीस. गार होऊ दे, मग सुई सैल कर आन् हळूहळू आवळत ये. दर चकरेला इंजिनवर पाण्याचा थेंब टाक. चर्रकन उडाला तर लय गरम."

"आगं, भाकरीच्या तव्यावानीच की!" कुसुमबाईंना हसू आलं.

गाडी निवेपर्यंत दोघं शेवग्याच्या सावलीत बसले. मग एक चक्कर, एक थेंब, सुईला किंचित पीळ. शेवटी थेंब इंजिनवर टेकला, बुडबुडला आणि सावकाश विरला. गाडीमागं निळसर धुराची बारीक रेघ दिसायला लागली आणि वळणावरही तिचा सूर अडखळेना. पाहता पाहता कुसुमबाईंचा चेहरा फुलला.

"दे बघू मला जरा," सिद्धोधन म्हणाले. त्यांनी गाडी सरळ शेवग्याच्या बुंध्यावर घातली. पुढच्या चाकाचा दांडा मोडला.

कुसुमबाई रागावल्या नाहीत. त्यांना हसू आवरेना. टाकीतलं उरलेलं इंधन काढून इंजिनात तेलाचे थेंब सोडायला मात्र त्या विसरल्या नाहीत. नवा दांडा सिद्धोधनांनीच मागवला, गुपचूप, एकाऐवजी जोडी.

एप्रिलमध्ये जयंतीला माधवी घरी आली. सकाळी तिघं मैदानावर गेले. तिनं रिमोटसाठी हात पुढं केला.

"थांब," आई म्हणाली. "थंडीतली सुई या उन्हात चालत न्हाई. गरम हवा इरळ, तिला इंधन कमी लागतंय, म्हणून जराशी आवळावी लागती. आन् आधी तुझ्या बाबाचा नंबर हाय."

माधवी शेंगा फोडत बांधावर बसली. मैदानात वडील गाडीमागं धावत होते आणि आई ओरडत होती, "आवं, ब्रेक! ब्रेक!"