अप्पांचा नंबर

समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका तयार करायचं काम सलग तिसऱ्या वर्षी सिद्धेश्वरीच्या गळ्यात पडलं, आणि तिला एका शब्दानेही न विचारता पडलं. तिचे वडील चनबसप्पा, म्हणजे अप्पा, बैठकीत उठून उभे राहिले आणि ‘आमची पोरगी कंप्युटरातली हाय, ती करते की’ असं जाहीर करून खाली बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात अप्पांचा आणि अवलक्षण तिचं.

अकराशे फॉर्म, अकराशे फोटो, सगळे व्हॉट्सॲपवरून आलेले. एकाही फोटोला धड नाव नाही. कुणी आडवा, कुणी गॉगल घातलेला. एका महाशयांनी लग्नातल्या बारा जणांचा फोटो पाठवून खाली ‘डावीकडून चौथा’ असं लिहिलं होतं. पाठवून झालं की दुरुस्त्या सुरू व्हायच्या. शिक्षण कुणी बदलत नसे, गाव कुणी बदलत नसे. उंची मात्र प्रत्येकाला बदलायची असायची.

माउसने हे सगळं करत बसली असती तर तिचे केस पिकले असते. ती सात रस्ता चौकाजवळच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची, त्यामुळे लॅपटॉपवरच्या त्या काळ्या खिडकीशी तिचं चांगलं जमायचं. तिथे चित्रं नसतात, बटणं नसतात, शब्द टाइप करून यंत्राला कामाला जुंपायचं असतं. ती खिडकी तिने आपल्या सोयीची करून घेतली होती. दहा-वीस ओळींच्या सूचना एकदा लिहून ठेवायच्या आणि त्यांना एक सोपं नाव द्यायचं, मग नुसतं ते नाव टाइप केलं की सगळं आपोआप पार पडायचं. ‘मेळव’ म्हटलं की मोबाईल नंबरावरून फॉर्म आणि फोटो यांची गाठ पडायची. ‘उंची’ म्हटलं की उंचीच्या दुरुस्त्या एका दमात व्हायच्या. ‘आवर’ म्हटलं की सगळे फॉर्म क्रमाने पुस्तिकेत जाऊन बसायचे. आणि आपणच लिहिलेल्या सूचनांच्या पोटात काय आहे हे सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही, म्हणून तिने ‘उलगड’ही केलं होतं. ‘उलगड’ आणि पुढे कुठलंही नाव टाइप केलं की त्यातल्या सगळ्या ओळी पडद्यावर यायच्या.

‘आवर’मध्ये एक ओळ मात्र पुस्तिकेसाठी नव्हती. ती तिने पहिल्याच वर्षी रागाच्या भरात घातली होती. त्या दिवशी बघण्याचा पाचवा कार्यक्रम झाला होता आणि मुलाच्या आत्याने तिला मुलाशेजारी भिंतीला टेकून उभं केलं होतं, फॉर्मवरची उंची खरी का ते बघायला. पाहुणे गेल्यावर तिने टेबलाशी बसून ती ओळ लिहिली. फॉर्मवर अप्पांचा मोबाईल नंबर असेल, तर तो फॉर्म पुस्तिकेत न जाता गुपचूप ‘नंतर’ नावाच्या फोल्डरात जायचा. अप्पा दर वर्षी न चुकता तिचा फॉर्म भरायचे आणि दर वर्षी तो न चुकता ‘नंतर’मध्ये जायचा.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या वर्षीही लेकीचं नाव पुस्तिकेत दिसलं नाही, तेव्हा अप्पांनी भर सभेत मेळाव्याचे चिटणीस विरुपाक्षकाका यांना धरलं. तुझ्या पुतण्याला आम्ही नकार दिला, त्याचा तू असा सूड काढतोस, असं म्हणाले. विरुपाक्षकाकांनी कान धरून शपथ घेतली तरी अप्पांनी ऐकलं नाही. मिलच्या डिझाइन खात्यात बत्तीस वर्षं हे दोघे शेजारी बसले होते. काकांनी चौकटीच्या कागदावर चादरीची नक्षी काढायची आणि अप्पांनी तिच्यावरून, नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागासाठी, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. ती दोस्ती एका दुपारी मोडली. वर्षभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच गल्लीत, शुक्रवार पेठेत, तीन घरांच्या अंतरावर राहून काका दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या खिडकीतून आत टाकायचे आणि अप्पा त्या चिमटीत धरून लेकीच्या टेबलावर आणून ठेवायचे. सिद्धेश्वरीला हे सगळं दिसत होतं. आज सांगू, उद्या सांगू करत तिने वर्ष घालवलं होतं आणि त्याची तिला मनापासून लाज वाटत होती.

पुस्तिका छापायला जायला तीन दिवस उरले होते. रविवारी सकाळी अप्पा नववी चिठ्ठी घेऊन आले तेव्हा तिचा संयम सुटला. तुम्हीच करा आता, म्हणाली, आणि अप्पांना खुर्चीत बसवून काळ्या खिडकीत कुठला शब्द टाइप केला की काय होतं ते सगळं दाखवलं. शेवटी ‘आवर’ टाइप करून एंटर दाबायचं, बस्स. अप्पांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ह्या ‘आवर’च्या पोटात काय हाय? न वाचता कार्ड मागावर चढवायचं न्हाय, एक भोक चुकलं तर तीच चूक चादरभर येते. त्यांचं हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती वैतागून म्हणाली, मग ‘उलगड’ टाइप करून वाचत बसा. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, सर्व्हर बंद पडला होता. ती गाडीची किल्ली घेऊन निघाली, आणि आपण काय बोलून बसलो हे तिला सात रस्त्याच्या सिग्नलला थांबल्यावर कळलं.

परत आली तेव्हा दुपार झाली होती. अप्पा त्याच खुर्चीत होते. समोर चौकटीचा कागद होता, त्यावर त्यांनी ‘आवर’च्या सगळ्या ओळी एकाखाली एक उतरवून घेतल्या होत्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, त्या ओळींमधली चिन्हं तर मुळीच कळत नव्हती. पण मधल्या एका ओळीत दहा आकडे होते, आणि ते त्यांना पाठ होते.

“ह्यात माझा नंबर का हाय?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची वेळ निघून गेली होती. तिने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, आत्या, भिंत, ‘नंतर’ नावाचं फोल्डर, सगळं. सांगून झाल्यावर अप्पांनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

“एवढ्या कामांना एकेक शब्द केलास, सिद्धव्वा,” ते म्हणाले. “मला ‘नको’ एवढा एक शब्द सांगायचा हुतास की.”

आता मात्र ती चिडली. वर्षभराची लाज बाजूला राहिली आणि तीन वर्षांचा वैताग तोंडातून बाहेर आला.

“सांगितलं होतं, अप्पा. पाचही वेळा सांगितलं होतं. पाचही वेळा तुम्ही म्हणालात, पाहुणे येतील, चहा ठेव.”

 पाच वेळा आठवायला अप्पांना थोडा वेळ लागला असावा. मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, उठले आणि चपला शोधायला लागले. ती ओळ काढू का, असं तिने विचारलं.

“ऱ्हाऊ दे,” अप्पा म्हणाले. “तू चल माझ्याबरोबर.”

तीन घरं चालायला त्यांना एरवी दोन मिनिटंही लागायची नाहीत. आज अप्पा मध्ये दोनदा थांबले. विरुपाक्षकाकांनी दार उघडलं. त्यांनी अप्पांकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, सिद्धेश्वरीच्या हातात दहावी चिठ्ठी दिली आणि अक्कलकोटच्या त्या मुलाची उंची पाच-सात कर म्हणाले. ती चिठ्ठी मुठीत धरून तिने सगळं सांगायला सुरुवात केली.  भर सभेत चोर ठरवलं, वर्षभर गल्लीत मान खाली घालून चाललो, आणि ते ह्या पोरीच्या एका ओळीपायी, असं काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तिने माफी मागितली. तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

अप्पांनी खिशातला कागद काढला आणि तो काकांच्या पुढ्यात धरला. काकांनी सवयीने चष्मा चढवला. इतकी वर्षं नक्षी काकांनी काढायची आणि अप्पांनी वाचायची, आज उलटं झालं होतं.

“पोरीनं लिवलंय ते बरुबर हाय,” अप्पा म्हणाले. “मी न वाचता कार्ड चढवलं, विरुपाक्षा. तुझं बी, आन् हिचं बी.”

काका त्या दहा आकड्यांवर बोट ठेवून उभे राहिले. मग कागद अप्पांना परत न देता आपल्याच खिशात घातला. बसा, म्हणाले, आणि तणतणत आत गेले. घरात ते एकटेच असायचे. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. सिद्धेश्वरी सवयीने उठायला लागली, तर अप्पांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

“बस तू,” ते म्हणाले. “च्या तो ठेवतोय.”